शिवलेला खिसा

सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन मी कोट खुंटीला लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. म्युनिकजवळच्या एका क्लिनिकमधून वॉर्डची मुख्य नर्स बोलत होती. "तुमची बाई सकाळच्या ड्यूटीला आलेलीच नाही," ती म्हणाली. सूर असा, की झोपून राहिली असणार नाहीतर पळून गेली असणार. आमच्या धंद्यात असे फोन नवे नाहीत. मी सवयीने पेन उचललं आणि विचारलं, कोण? तिने नाव सांगितलं आणि मी खाली बसले. नलूताई उशिरा? जी बाई नव्या गावात आदल्या दिवशी उतरून खोलीपासून वॉर्डपर्यंतचा रस्ता एकदा चालून बघायची, ती? "किल्ल्या सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला बोलवा आणि खोली उघडा," मी म्हणाले. ती म्हणाली, अजून थोडी वाट बघू. "आत्ता उघडा," मी म्हणाले, "मी फोन धरून ठेवते." नलूताई पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. श्वास चालू होता. मेंदूत रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी, ज्या क्लिनिकमध्ये ती कामाला आली होती त्याच क्लिनिकच्या अतिदक्षता विभागात, ती गेली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. करायच्या कामांची यादी मी केली होती, ती संपली. विमा, बँक, भाड्याच्या घराची नोटीस, सगळं झालं. नलूताईबद्दल वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहिणं यादीत नव्हतं. पण तिच्याबद्दल कार्ल्सरूहेतल्या आपल्या लोकांत जे बोललं गेलं, ते मी कानाने ऐकलंय. त्यामुळे हेही काम माझंच आहे असं मी समजते.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ती खाली, मी वर. ती मूळची मिरजेची, तिथेच नर्सिंग शिकलेली. नवरा, श्रीकांतभावोजी, मोटारीच्या गिअरबॉक्सवर काम करणारे इंजिनिअर. त्यांच्याबरोबर ती इकडे आली, मुलगी मैथिली तेव्हा लहान होती. पुढे भावोजींचं कंत्राट संपलं, त्याच सुमाराला पुण्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली. ते परत गेले. मैथिली इथल्या शाळेत रुळलेली, जर्मनमध्ये भांडणारी, जर्मनमध्ये स्वप्न बघणारी. तिची शाळा पुरी होईपर्यंत नलूताईने इथेच राहायचं असं दोघांनी ठरवलं. तिचा इथला आउफेन्थाल्ट, म्हणजे राहण्याचा परवाना, आता तिच्या स्वतःच्या नोकरीवर टांगलेला होता. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की मैथिलीची शाळा. हे सगळं साधारण दोन हजार बाराच्या सुमारास. मी क्लिनिकांना नर्स पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करत होते, अजूनही करते. कोणाला कुठे किती आठवडे पाठवायचं हे ठरवणं माझं काम. मीच तिला आमच्याकडे आणलं. तिच्या मिरजेच्या कागदांवर इथे तिला पूर्ण नर्सचा दर्जा मिळाला नाही, मदतनीस नर्सचा मिळाला. म्हणजे अंघोळी, ड्रेसिंगला मदत, ताप-बीपी, भरवणं, कूस बदलणं. ती म्हणाली, "चालतंय की. माणसाला हात लावायला मिळतोय ना?"

फिरती नर्स म्हणजे सगळीकडे परकी. दर थोड्या आठवड्यांनी नवं गाव, नवा वॉर्ड, नवी कपाटं. बाकीच्या पहिल्या दिवशी हसून ओळखी करून घेतात. नलूताई पहिल्या दिवशी संशय घ्यायची. प्रत्येक खोलीतली बेल स्वतः दाबून बघायची, वाजते का, आणि वाजली तर कोणी येतं का. पलंगाच्या ब्रेकला लाथ मारून बघायची. रात्रपाळीने "सगळं शांत होतं" असं सांगितलं, की आधी अंथरुणं चाचपायची. पेशंटला कधी "आपण अमुकच ना?" असं विचारायची नाही. "तुमचं नाव काय?" असंच विचारायची. "अगं, विसरभोळी म्हातारी माणसं सगळ्याला 'या, या' म्हणजे हो, हो म्हणतात. त्यांना 'तुम्ही कैसर बादशहा का' विचार, तरी 'या' म्हणतील. मग दुसऱ्याच्या गोळ्या ह्यांच्या पोटात." माझ्यावर तरी विश्वास होता का? छे. मी नवं काम सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"तिथली आधीची बाई का गेली?"

"गेली नाही, नलूताई. आजारी पडली."

"आणि बाकीच्या?"

"त्याही आजारी आहेत."

"सगळ्या एकदम? वर्षा, तिथं काहीतरी आहे."

एकदा खरोखरच होतं. अख्ख्या वॉर्डाला उलट्या-जुलाब लागले होते आणि क्लिनिकने आम्हाला सांगितलं नव्हतं. ती परत आल्यावर माझ्या दारात उभी राहिली, आत आली नाही, जंतू नकोत म्हणून. नुसती म्हणाली, "आजारी पडल्या होत्या... गेनाऊ, अगदी बरोबर."

तिच्या खिशांची गोष्ट पहिल्या वर्षातली. नर्स घालतात तो आखूड बाह्यांचा कुर्ता असतो ना, कासाक म्हणतात इथे, त्याला खाली दोन मोठे खिसे असतात. कुठल्याशा वॉर्डात एका म्हातारीची पर्स सापडेना. विचारलं सगळ्यांना, खिसे रिकामे करायला फक्त नलूताईला सांगितलं. पर्स नंतर गादीखाली मिळाली. नलूताई घरी आली, मशीन काढलं आणि आपल्या सगळ्या कासाकांचे खिसे शिवून टाकले. पेन अंबाड्यात खोचायची, कात्री ट्रॉलीवर ठेवायची. जर्मन बायका हसायच्या. एकीने विचारलं म्हणे, खिशाशिवाय नर्स कशी काम करते? ही म्हणाली, "हातांनी."

पण मला एक गोष्ट खटकायची. खिसे एकदा मशीनवर शिवले की झालं. मग ही दर रविवारी दुपारी, गाडीला निघायच्या आधी, सुई-दोरा घेऊन का बसते? मैथिलीला माझ्याकडे सोडायला ती वर यायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, मांडीवर एक कासाक, हातात काळा दोरा. पांढऱ्या कापडावर काळा दोरा! मी विचारलं तर म्हणायची, धुताना उसवतं. मी रोज कपडे धुणारी बाई आहे. मशीनची शिवण अशी दर आठवड्याला उसवत नाही, हे मला कळतं. शिवून झालं की दोरा दातांनी तोडायची. मी म्हणायचे, कात्री आहे की समोर. "तुझ्या कात्रीला धार आहे याची काय खात्री?" ती म्हणायची.

त्याच काळात कुजबुज सुरू झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याकडे इथे सोयीने रविवारी होतं. नलूताई तिथूनच परस्पर स्टेशनवर जाणार म्हणून बॅग घेऊनच आलेली. साडी चांगली नेसलेली, पण हात मोकळे, गळा मोकळा. नर्सला बांगड्या, अंगठी, गळ्यात काही चालत नाही हे मी दोघीतिघींना सांगितलं. तेव्हा एक म्हणाली, "हो, पण आज कुठे ड्यूटी आहे?" नवरा तिकडे, ही इकडे, आठवडेच्या आठवडे परगावी, आणि गळ्यात मंगळसूत्र नाही... लोकांनी दोन आणि दोन पाच केले. मी जिन्यात तिला विचारलं, "नलूताई, गळ्यातलं कुठंय?"

"आहे."

"कुठे?"

"जे कुणाला ठाऊक नाही, ते चोरीला जात नाही," ती म्हणाली आणि बॅग उचलून चालू लागली. मला राग आला. म्हटलं, मी काय चोर आहे?

मग अंगठीचं प्रकरण झालं. इथून तासाभरावरच्या एका गावात तिचं काम चालू होतं. एका वृद्ध पेशंटचं बोट सुजलं होतं आणि लग्नाची अंगठी रुतत होती. काढणं भाग होतं. नलूताईने काढली नाही. तिने तिथल्या नर्सला बोलावलं आणि पेशंटसमोर सांगितलं, ही तुम्ही काढा, मी सोबत उभी राहते. ती नर्स म्हणाली, देवा रे, अंगठीच आहे ती, नंतर बघू. दुसऱ्या दिवशी बोटावर अंगठी नव्हती. मला फोन आला. वॉर्डची प्रमुख म्हणाली, "तुमच्या बाईचा एक खिसा हाताने शिवलेला आहे. तो उघडून दाखवायला ती नकार देते. हे विचित्र नाही का?" आमच्या मालकीणबाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, असं असेल तर तिला आपण ठेवू शकत नाही. मी गाडी काढली.

ती स्टाफच्या खोलीत खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. हातांखाली तो काळ्या दोऱ्याचा खिसा. मी मराठीत म्हणाले, "उसव आणि मोकळी हो. एका मिनिटाचं काम आहे."

"नाही."

"अगं, तुझा परवाना जाईल! मैथिलीचं काय?"

"आज खिसा, उद्या पिशवी, परवा चोळी. ह्यांना पोलीस बोलवू दे. पोलिसांसमोर उघडते, त्यांनी लिहून घेतलं तर. ह्यांच्यासमोर नाही."

"आत काही आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

मी प्रमुख बाईकडे वळले. तिला जर्मनमध्ये स्पष्ट सांगितलं, की झडती घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही. संशय असेल तर पोलिसांना फोन करा, आम्ही इथेच थांबतो. ती गडबडली. क्लिनिकमध्ये पोलीस कोणालाच नको असतात. म्हणाली, बरं तर, चौकशी होईपर्यंत हिला पाठवू नका. मी तिला गाडीत बसवून परत निघाले. माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि तिच्या कोटाखालच्या खिशाकडे जास्त होतं, हे मी सरळ लिहून टाकते. ती अंगठी घेणारी बाई नव्हती याची मला खात्री होती. त्या खिशात काहीतरी होतं याचीही होती.

आठवडा गेला, क्लिनिककडून काही नाही. शेवटी मीच फोन केला. "अंगठी? अच्छा, ती! ती त्यांच्या बायकोकडे आहे. तिनेच साबण लावून काढली होती, घरी घेऊन गेली." कधी कळलं तुम्हाला? "त्याच संध्याकाळी." आणि आम्हाला कळवलं का नाही? "इथे खूप काम असतं हो." मी खाली जाऊन नलूताईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला परत तिथंच पाठव." मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. "नाही गेले, तर मीच घेतली असं होतं. तोंड दाखवून आलं पाहिजे." तिने राहिलेले आठवडे तिथेच पुरे केले, त्याच शिवलेल्या खिशाने. पुढे त्याच वॉर्डाने तिला पुन्हा पुन्हा मागून घेतलं. मी दर वेळी विचारायचे, जाणार का? ती विचारायची, आधीची का गेली?

मैथिलीची शाळा झाली. ती आखनला इंजिनिअरिंग शिकायला गेली. नलूताईने फिरती सोडली नाही. आता तिला परत जायला हरकत नव्हती, पण मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता, आणि मला वाटतं, तिला त्या नव्या नव्या बेला दाबून बघायची सवय लागली होती.

भावोजी पुण्याहून आले. दहनाआधी इथल्या स्मशानभूमीतल्या हॉलमध्ये आम्ही बायकांनी तिला हिरवी साडी पांघरली, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. सवाष्ण गेली होती. आणि गळा मोकळा. सगळ्यांचे डोळे तिथेच जाऊन थांबत होते. भावोजींनी मला बाजूला बोलावलं. "वहिनी, हिच्या गळ्यातलं?" क्लिनिकने अतिदक्षता विभागातून घड्याळ आणि चष्मा दिला होता, तेवढंच. घरी मी सगळी कपाटं बघितली होती. "बघते मी," एवढंच म्हणाले. ते मान हलवून गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण मागे बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. हिने ते कधीच काढून ठेवलं असेल तर? भावोजी अस्थी घेऊन परत गेले, तो प्रश्नही बरोबर घेऊन गेले. मैथिली जर्मनमध्ये मला म्हणाली, "कुणीतरी घेतलं असणार. बाबांना असं वाटतंय की आईने..."

मला राहवेना. मी त्या म्युनिकजवळच्या वॉर्डला फोन लावला. खोली कोणी उघडली, आत कोण कोण गेलं, तिला उचललं कोणी, तिचं सामान कोणी भरलं, सगळं विचारलं. मुख्य नर्सचा आवाज कडक झाला. "तुम्ही आमच्यावर काही आरोप करताय का?" मी म्हणाले, मी प्रश्न विचारतेय. खोलीतली तिची बॅग हाउसमाइस्टरने बांधून पार्सलने पाठवली होती, ती दोन दिवसांनी आली. काहीतरी कमी असणार अशा तयारीनेच मी ती उघडली. मैथिली शेजारी उभी होती. घरातल्या सपाता, केसांचं तेल, डब्यात मेतकूट, सुईदोऱ्याचा डबा. सगळ्यात वर हाउसमाइस्टरने नीट घडी करून एक कासाक ठेवला होता, इस्त्री केलेला. तिने रविवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी हँगरला लावला असणार. मी तो उचलला आणि डाव्या खिशाशी माझा हात थांबला. काळा दोरा. आत काहीतरी टणक.

मैथिलीनेच उसवला. दोन वाट्या, काळे मणी, एका मऊ कापडात गुंडाळलेलं. तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि मंगळसूत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. "कुठं मिळालं?" ते म्हणाले. मी सांगितलं. भावोजी चष्मा काढून पुसत बसले. "आम्ही निघालो तेव्हा आईने विमानतळावर सांगितलं होतं तिला, नलू, हे अंगावरून उतरवू नकोस. आई गेलीसुद्धा. मला वाटलं, ही विसरली असेल."

विसरली नव्हती. गळ्यात चालत नाही, क्लिनिकच्या लॉकरवर भरवसा नाही, म्हणून खिशात. आणि खिसा शिवलेला; कासाक धुवायला काढला की उसवायचा, रविवारी धुतलेल्यात पुन्हा शिवायचा. वर्षानुवर्षं, गावोगाव. त्या अंगठीच्या दिवशीसुद्धा ते तिच्या हाताखाली होतं. उसवलं असतं तर खिशात सोनं निघालं असतं, आणि ते आपलंच आहे हे तिला त्या खोलीत सिद्ध करत बसावं लागलं असतं. हे सगळं मला पटतं. तरी नलूताई, मला सांगायला काय झालं होतं? मी कोणाला बोलले असते का? ...तुला काय वाटतं, असंच म्हणाली असतीस.

त्याच दुपारी मी म्युनिकला फोन केला. मुख्य नर्स म्हणाली, "आता काय?" मी म्हणाले, दागिना मिळाला. तिच्याच कपड्यांत होता. तुमच्याकडे कोणी काही घेतलेलं नाही, हे तुमच्या लोकांना सांगा, हाउसमाइस्टरला आधी सांगा. ती म्हणाली, "हे सांगायला तुम्ही मुद्दाम फोन केलात?" मी म्हणाले, हो. मुद्दाम.

हळदीकुंकवाच्या बायकांना मी काही वेगळं कळवलेलं नाही. त्या ही पुरवणी वाचतात.

कासाक माझ्याकडे आहे, वरच्या कपाटात. खिसा उघडा आहे, कडेला काळ्या दोऱ्याचे तुकडे अजून लोंबतायत. मागच्या रविवारी मैथिली आखनला परत निघाली. बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, सुईदोरा आहे?" आईचाच डबा दिला. ती टेबलाशी त्याच खुर्चीत बसली, जॅकेट उलटं केलं, मऊ कापडातलं मंगळसूत्र आतल्या खिशात ठेवलं आणि खिशाचं तोंड शिवू लागली. टाके वेडेवाकडे, लांब लांब. मी विचारलं, उशीर होईल ना गाडीला? "ट्रेनमध्ये काय सांगता येतं," ती जर्मनमध्ये म्हणाली, मान वर न करता. शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

कात्री समोरच होती.